पाच डॉक्टरांच्या दारातली खुर्ची

मी व्हीलचेअर बोलतेय. घाबरू नका, घाबरायचं काम माझ्याकडेच आहे. चाकं चार, पण धीर म्हणाल तर एकातही नाही.

अंबडच्या एका कारखान्यात माझी नळी वाकवली, वर काळं रेक्झिन चढवलं आणि नाशिकच्या एका मोठ्या इस्पितळात आणून सोडलं. पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘सर्जरी’. झालं, मी सर्जरीची! किरणांचा शेक देणारा विभाग तळघरात. तिथल्या दारात ‘ही आमची खुर्ची नाही’ म्हणून पेशंटला उतरवायचे. औषधाची सलाईन मागच्या इमारतीत. दर ठिकाणी नवे डॉक्टर, तेच प्रश्न, पुढची तारीख. निफाडच्या लंकाबाई अशाच फिरत राहिल्या. मग यायच्याच थांबल्या. त्या कुठे गेल्या हे कुणी शोधलंच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, त्या दुसऱ्या विभागाकडे असतील.

पुढे इस्पितळाने सगळी मांडणीच बदलली. विभाग आता डॉक्टरांच्या कामावरून नाहीत, आजारावरून. स्तनाच्या कॅन्सरचा एक विभाग. सर्जन, शेकवाले, औषधवाले, तपासणीवाले सगळे त्यातच, आणि पेशंटची पहिल्यापासून शेवटपर्यंत जबाबदारी मोहिनी सिस्टरांची. माझ्या पाठीवरचा शब्द खरवडून काढला. मोठे सर्जन कुरकुरले, “म्हणजे मी आता नेमका कुणाचा?” मलाही धाकधूक होतीच. रंग खरवडला म्हणून माणसं बदलतात थोडीच!

दर मंगळवारी हे सगळे डॉक्टर एका टेबलाभोवती बसून एकेका पेशंटचं ठरवतात. अशाच एका मंगळवारी लासलगावची वैष्णवी माझ्यात बसली होती, नवरा रोहित मला ढकलत होता. छातीत गाठ, तपासणीत कॅन्सर निघालेला, आणि अंगावर पिणारं लेकरू सासूच्या कडेवर. तिने माझा हात असा आवळून धरला होता की रेक्झिनवर नखं उमटली.

दार उघडलं. आत पाच डॉक्टर, आणि पडद्यावर तिच्याच छातीचा फोटो.

“पाच-पाच डाक्टर?” सासू अक्काबाई जागीच थबकली. “रोहित, माझ्या भावाच्या खाटेभोवती असेच जमले होते. दुसऱ्या दिवशी त्याचं मढं नेलं आम्ही. फिरव गाडी.”

“आई, पण सिस्टर म्हणाल्या...”

“शेवटचं सांगायलाच जमत्यात हे. पोरीला घरी लेकराजवळ तरी राहू दे.”

“अहो, फिरवा,” वैष्णवी म्हणाली.

रोहितने मला फिरवलं. माझं पुढचं डावं चाक एरवी हमखास अडतं. त्या दिवशी लोण्यासारखं वळलं. मेलं माझं नशीब!

तेवढ्यात समोर मोहिनी सिस्टर. “कुठे निघालात, आजी?”

“कळलं आम्हाला. आशा सोडली तुम्ही.”

सिस्टर माझ्यासमोर फरशीवरच बसल्या. “आशा सोडलेल्या माणसासाठी कोण एवढी माणसं बसवतं? पूर्वी वैष्णवीला या पाचजणांकडे पाच ठिकाणी पाठवलं असतं. आता ते आपसात भांडून एकच काय ते सांगतील. आधी औषध की आधी ऑपरेशन, यावरून जुंपलीय आत.”

“माझ्यावरून भांडतात?” वैष्णवीने विचारलं.

“तावातावाने!”

ती उठली. साडी सावरली आणि आपल्या पायांनी आत गेली. रोहित मागोमाग.

मी बाहेर. अक्काबाईने लेकराला माझ्यात ठेवलं. ते माझा पट्टा चघळत बसलं. दार बंद असलं की मला सगळं वाईटच सुचतं.

वैष्णवी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “आई, आधी औषध, मग ऑपरेशन. याच आठवड्यात सुरू.”

“बरी होशील म्हणाले का?”

“तसं नाय म्हणाले. वेळेत आलीस म्हणाले.” मग तिने लेकराकडे पाहिलं. “पण अंगावरचं दूध तोडावं लागेल, औषध दुधात उतरतं. आजपासून.”

अक्काबाई लेकराला उचलून म्हणाली, “तोडू. मी वाटी-चमच्यानं पाजीन. रडंल दोन दिवस, रडू दे. तू औषध घे.”

औषध चालू आहे. वैष्णवीचे केस गेलेत. गाठ लहान होतेय का, ते येत्या मंगळवारी त्याच टेबलाभोवती कळेल. मला आत्तापासून धडकी भरलीय.

तुम्हालाही कधी माझ्यात बसायची वेळ आली, तर खुशाल घाबरा. घाबरलेल्यांना वाहून न्यायची मला सवय आहे. फक्त माझं तोंड डॉक्टरांच्या दाराकडे असू द्या.