डावीकडची पानं

वादविवादाचा वर्ग सुरू झाला की बाई पहिल्याच दिवशी एक पुस्तक टेबलावर ठेवत. लाल कापडी बांधणी, कडा झिजलेल्या, आतलं सगळं हाताने लिहिलेलं. ते त्यांच्या वडिलांचं. वडील गाऊन प्रवचनं करायचे. गळा असा, की रागावून उठलेला माणूससुद्धा दाराशी अडायचा. पुस्तकात उजव्या पानावर त्यांचा उपदेश आणि डाव्या पानावर त्याच्यावर कुणी ना कुणी घेतलेली शंका. गंमत म्हणजे डावी पानंच जास्त भरलेली, आणि अक्षरही तिथेच जास्त सुबक.

"शंका घेणाऱ्याला देवानंच धाडलेलं असतं," वडील म्हणायचे. "त्याला आधी बसायला जागा देऊ, मग बोलू."

त्यावरूनच बाईंच्या वर्गाचा नियम ठरला होता. समोरच्याला खोडण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं आणि थांबायचं. तो "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणाला तर पुढे. नाही म्हणाला, तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा दोन मुली अख्खा तास एकाच मुद्द्यावर अडकल्या होत्या आणि शेवटी दोघींनी बाजू बदलल्या होत्या!

मुख्याध्यापिकांना हे मुळीच पटत नव्हतं. दोन वर्षं शाळेत वादविवाद स्पर्धेचा चषक आला नव्हता. एके दिवशी त्यांनी तयार मुद्द्यांचं जाडजूड पुस्तक आणून बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"हे पाठ करून घ्या. तुमच्या मुली समोरच्यांचीच वकिली करतात हो!"

"अहो, पण समोरच्याचं समजलंच नाही तर..."

"चषक समजतो मला. यंदाही नाही आला, तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे देईन. आणि तो या पुस्तकावर चालेल."

बाईंनी मुलींना यातलं काही सांगितलं नाही. पण भिंतींना कान असतात आणि शाळेच्या भिंतींना जरा जास्तच. अंतिम फेरीच्या सकाळी बाईंची सगळ्यात तिखट वक्त्री, जिला सगळे तोफ म्हणत, हळूच म्हणाली, "बाई, आज नियम राहू द्या ना. मी नुसती धडाधड बोलते. चषक आणते."

बाईंच्या जिभेवर 'बरं' आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "तुला जे खरं वाटेल ते बोल. मी टाळी वाजवणारच आहे."

विषय होता, घरचा अभ्यास बंद करावा. तोफ बंद करण्याच्या बाजूची. विरुद्ध बाजूची मुलगी बारीक आवाजाची. बोलता बोलता मध्येच तिची पाटी कोरी झाली. मागच्या रांगांतून हसू फुटलं आणि ती खाली बसली.

तोफ उठली. उत्तराला दोनच मिनिटं. आता ही हिचा भुगा करणार, म्हणून सभागृह सावरून बसलं.

"माझ्या मैत्रिणीला असं म्हणायचं होतं," तोफ सावकाश म्हणाली, "की घरचा अभ्यास असतो म्हणून तर संध्याकाळी कुणीतरी आपल्या शेजारी येऊन बसतं. आई, आजोबा, ताई. तो बंद झाला तर ते बसणंही बंद होईल. हेच ना गं?"

आणि थांबली. अगदी वर्गात थांबायची तशी. घड्याळ पळत होतं. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. समोरची मुलगी डोळे पुसत उठली. "हो. हेच म्हणायचं होतं मला. पण इतकं छान नाही."

सभागृह हसलं, पण या वेळी मायेनं.

"मग माझं उत्तर एवढंच," तोफ म्हणाली. "अभ्यास बंद करा. शेजारी बसणं चालू ठेवा."

घंटा झाली. पाठ केलेले चार मुद्दे तसेच राहिले. निकाल लागला तेव्हा एका गुणाने चषक हुकला होता. परीक्षक म्हणाले, उत्तराचा अर्धा वेळ समोरच्यांना दिला. बाई टाळ्या वाजवत राहिल्या. वर्ग गेला हे कळत होतं, तरी अंगावर मूठभर मांस चढलं होतं. समोरच्या मुलीचं डावं पान पोरीनं काय सुबक लिहिलं होतं!

परतीच्या बसमध्ये मुख्याध्यापिका बाईंच्या शेजारी येऊन बसल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "तुमचं म्हणणं असं आहे, की चषक घेऊन आलेली मुलगी चार दिवस मिरवते. पण जिला समोरच्याचं मन ओळखता येतं, ती जन्मभर कुठेही नीट बोलते, आणि नीट ऐकते. असंच ना?"

आणि थांबल्या.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "हो. हेच म्हणायचं होतं मला."

मुख्याध्यापिकांनी मान हलवली.

"छे! हे खोडायला माझ्याकडे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी वर्ग नेहमीच्या वेळेला घ्या. आणि ते लाल पुस्तक मला दोन दिवस द्या. डावी पानं वाचायची आहेत."

मागच्या बाकावरून तोफेनं टाळी वाजवली.