मागची डावी सीट

आमच्या गाडीचा रेडिएटर मी आहे, हे मला बेचाळिसाव्या वर्षी शिरगावच्या गॅरेजमध्ये कळलं.

गाडी महिनाभर तापत होती. त्या महिन्यात मी नोकरीच्या खटपटीसाठी एसटीने फिरत होते. माझ्या भावाने, श्रीरंगदादाने, कूलंट बदललं, पंख्याचा पट्टा बदलला, तरी काटा वरच. आज तो, वहिनी आणि त्यांची केतकी मला कराडला सोडायला निघाले होते. तिथल्या वाचनालयात पाचच्या आत रुजू व्हायचं होतं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव लागणार होतं. प्रवास माझा, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा पुढे बसायला मागितलं. घाट सुरू व्हायच्या आधीच गाडी उकळली.

मुकादम मिस्त्रींनी व्हॉल्व्ह काढून उकळत्या पाण्यात धरला. तो व्यवस्थित उघडला. पंपही ठीक होता. मग त्यांनी गाडीची पुढची जाळी काढली, तर मागे रेडिएटरची जागा रिकामी. गरम पाण्याचा पाइप गालिच्याखालून मागच्या डाव्या सीटपर्यंत गेला होता. त्यांनी माझी बाही वर करायला सांगितली. दंडावर जिला मी लसीची खूण समजत होते, ती पितळी तोटी निघाली.

"अण्णांनी बसवून घेतली होती," दादा आमच्या वडिलांचं नाव घेत म्हणाला. "तू सहावीत होतीस."

प्रत्येक लग्नाहून, प्रत्येक देवदर्शनाहून मी तापाने फणफणत परत यायची. घरात म्हणायचे, हिला प्रवास सोसत नाही. मीही तेच सांगत फिरले, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

नवा रेडिएटर बसवा, मी म्हटलं. मिस्त्री म्हणाले, या मॉडेलला तो येतच नाही, कंपनी जागा मोकळी सोडते, प्रत्येक घरात कुणीतरी असतंच. त्यांनी केतकीचाही दंड पाहिला. तिथे छोटी तोटी होती, अजून बंद. केतकी अकरा वर्षांची आहे. वहिनी बाहेर रस्त्याकडे बघत राहिली.

"पाइप तुटला तर डाव्या सीटवर जो असेल त्याला धरतो," मिस्त्री म्हणाले. "तेवढं सांभाळा."

दादाने विचार केला. मला वाटलं, आता हा गाडी विकून टाकू म्हणेल.

"लांब पाइप आहे का?" त्याने विचारलं.

"कुठपर्यंत?"

"कराडपर्यंत."

तीन वाजत आले होते. मी हात पुढे केला. मिस्त्रींनी क्लिप आवळली आणि दुखतंय का म्हणून विचारलं. दादा म्हणाला, बघ, तुझं काही अडवलं नाही आम्ही. आता लांब पाइप होता, त्यामुळे ते तिघे इथूनच घरी परतणार होते आणि केतकी तेव्हाच मागे डावीकडे जाऊन बसली होती. मी एसटीत चढले. पाइप खिडकीतून बाहेर सोडला. कंडक्टरने तिकीट दिलं आणि पाइपापुरती फट ठेवून खिडकी ओढून घेतली.

पाचला दहा मिनिटं असताना मी वाचनालयाच्या दारात पोचले. ग्रंथपाल बाईंनी मस्टर उघडून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं. आत पुस्तकं आहेत, पाइप उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो, इथे नियम आहे, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी मोठी कात्री माझ्या हातात दिली. त्यांच्या स्वतःच्या दंडावर पट्टी होती.

मी वहिनीला फोन लावला. मी पाइप कापतेय, केतकीला खाली उतरव, म्हटलं.

"रस्त्यात कुठे थांबायचं?" वहिनी म्हणाली. "सुनेत्रा, तिला आत्ताच झोप लागलीय गं."

मागून बाईंनी दोन मिनिटं राहिलीत म्हणून सांगितलं. पाइप कात्रीच्या पात्यांमध्ये धरून मी उंबऱ्यावर उभी होते, आणि तो माझ्या हातात गरम होऊ लागला.