तीन तासांचं सूप सिंकमध्ये

मी चाळण बोलतेय. पिठाची नव्हे हो, ती माझी नाजूक चुलत बहीण. मी जाड स्टीलची, दोन कानांची, उकळतं पातेलं अंगावर रिकामं झालं तरी हूं की चूं न करणारी.

जन्म कारखान्यातला. सपाट पत्रा होते, सुखात पडून होते. एका यंत्राने मला खोलगट केलं आणि दुसऱ्याने एका दणक्यात अंगभर भोकं पाडली. माझ्या शेजारच्या पत्र्याचा डबा झाला. त्याच्यात लोक बिस्किटं ठेवतात, वर झाकण लावतात, पाहुण्यांपुढे मिरवतात. माझ्या वाट्याला गरम पाणी आलं. नशीब एकेकाचं!

मला या घरात आणलं ते इथल्या बाईंनी. घरात कुणी शिंकलं की बाई कोंबडीचं सूप लावायच्या. मान, पाठ, पाय अशी हाडाची कोंबडी गार पाण्यात घालायच्या, सोबत गाजर, मिरे आणि सालासकट कांदा. आच मंद. वर येणारा फेस काढत राहायचा आणि तीन तास कुणी लुडबुड करायची नाही. ओट्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून गाळण्याचा कार्यक्रम सिंकमध्ये व्हायचा. खाली मोठं पातेलं, त्यावर मी, आणि माझ्यातून सोनेरी सूप खाली. तेव्हा माझाही रुबाब होता.

बाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मग माझी रवानगी फ्रिजवर झाली. माझ्यात आधी कांदे आले, मग किल्ल्या, मग कुणा शहाण्याने शर्टाची बटणं ठेवली. भोकं असलेल्या भांड्यात बटणं ठेवायची आणि मग जमिनीवर रांगत शोधायची, ही अक्कल फक्त माणसांनाच सुचते.

घरात उरले तिघं. एक बाईंचे यजमान, फुटबॉलचे निवृत्त पंच. त्यांना सगळे पंचच म्हणतात. दुसरी त्यांची लेक. तिसरा जावई, लिफ्ट दुरुस्त करणारा. पंचांना तो पहिल्यापासून पसंत नव्हता. पण भांडण नाही, तंटा नाही. बारा वर्षं ते त्याला 'जावईबापू, आपण' असंच म्हणत आले. इतका मान द्यायचा की समोरच्याला खुर्ची जवळ ओढायची सोय राहू नये.

गेल्या महिन्यात पंचांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले आणि त्यांनी खाणंच सोडलं. मऊ भात दिला तर म्हणाले खळ आहे. अंडं दिलं तर म्हणाले रबर आहे. चार दिवस नुसत्या पाण्यावर काढले. डॉक्टरांनी बजावलं, आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुन्हा भरती करायचं आणि नाकातून नळी घालायची. लेक नेमकी कामासाठी परगावी. तिने फोनवरून जावयाला आईचं सूप सांगितलं आणि त्याने ते कागदावर उतरवून घेतलं.

लिफ्टवाल्याचं काम म्हणजे कागदावर असेल तेवढंच करायचं, एक वायर इकडची तिकडे नाही. त्याने अकरा पायऱ्या लिहिल्या, एकेक झाली की पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मला खाली काढून घासूनपुसून चकचकीत केलं, तेव्हा तर मला भरूनच आलं. तीन तास तो पातेल्यापाशी उभा होता. फेस असा टिपून काढत होता की बाईंनीही शाबासकी दिली असती.

वास घरभर पसरला. आतल्या खोलीतून चार दिवसांत पहिल्यांदा आपणहून आवाज आला.

"काय शिजतंय, जावईबापू?"

त्याच्या हातातला चमचा खाली पडला. "सूप आहे, बाबा. आणतोच."

दहावी पायरी होती, 'सिंकमध्ये चाळण ठेवून गाळणे.' खाली पातेलं ठेवायचं, हे काय सांगायला हवं, असं लेकीला वाटलं असणार. त्याने मला सिंकमध्ये ठेवलं आणि पातेलं ओतलं. अरे बाबा, अरे माणसा! मी मनातल्या मनात बोंबलत होते. सोन्यासारखं सूप माझ्यातून गेलं आणि गडगड करत मोरीच्या पाइपात उतरलं. त्याने दहाव्या पायरीवर खूणही केली. मग अकरावी वाचली, 'सूप वाटीत वाढणे.'

त्याने माझ्यात पाहिलं. हाडं, लगदा झालेलं गाजर, कांद्याची सालं. तो मला ओट्यावर ठेवून जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणारा गडी, पण रडताना लहान पोर दिसत होता.

भिंत धरत धरत पंच आले. हातात वाटी होती. त्यांनी सिंक पाहिलं, मला पाहिलं, कागद उचलून चष्म्याशिवाय लांब धरून वाचला. आता निकाल लागणार, मी समजले.

पंच हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता स्टुलावर बसले.

"ऊठ रे," ते म्हणाले. "मीठ आण."

त्यांनी माझ्यातली मान उचलली, मिठात बुडवली आणि चोखली. मग पाठीचं मांस. चव पाइपातून गेली होती, मांस चोथा झालं होतं, तरी ताटही न मागता ते माझ्यातूनच खात राहिले. एक पाय त्यांनी जावयाच्या हातात दिला. दोघं मिळून चावत होते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. जावयाचं तोंड पांढरंफटक पडलं. पंचांनी फोन काढून घेतला.

"हो, घेतलं सूप. दोन वाट्या. अगदी तुझ्या आईच्या हातचं. नवरा गुणाचा आहे हो तुझा."

आयुष्यभर शिट्ट्या फुंकलेल्या माणसाने इतका धादांत खोटा निकाल दिला, आणि तोही जावयाच्या बाजूने.

आता दर रविवारी मी ओली होते. पंच स्टुलावर बसून हुकूम सोडतात, जावई कागदाशिवाय शिजवतो, खाली पातेलं असतं. लेकीला अजून काही ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका. आणि गाळताना एकदा खाली बघत जा, एवढीच माझी विनंती. मला सूप अडवता आलं असतं, तर त्या दिवशी मी जीव तोडून अडवलं असतं.

पण खरं सांगू? अडवता आलं नाही, तेच बरं झालं.