किल्ल्या वाजल्या

बाईंच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे. त्यांच्या घराच्या वरच्या हॉलमध्ये पिलाटेस, म्हणजे पोट-पाठीचे व्यायाम, शिकताना आम्ही मॅटवर गुडघे दुमडून उताण्या पडायचो. बाई किल्ल्यांचा जुडगा एकेकीच्या बेंबीखाली ठेवायच्या, मग एक पाऊल अलगद उचलायचं. पोट फुगलं की किल्ल्या वाजायच्या. "किल्ल्या वाजल्या. पुन्हा." शाबासकीच्या बाबतीत बाई पक्क्या चिक्कू. पहिले दोन महिने माझं पोट म्हणजे शाळा सुटल्याची घंटा होती. तरी ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

वीस वर्षांनी बाई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तीन महिने झाले तरी कोणी धरल्याशिवाय उठता येईना. लेकीने सरळ सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत आई आपली आपण उठली नाही, तर मी तिला माझ्याकडे नेणार." म्हणजे हे घर बंद, आणि वरचा हॉलही. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला ते बघवेना. आता मीही हेच शिकवते, म्हणून रोज दुपारी जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

"बाई, पोट आत ओढा."

बाईंनी गर्रकन मान वळवली. "ओढा? हे मी शिकवलं होतं?"

खरं तर नव्हतं. वर्गात घाई असते, "ओढा" म्हटलं की बायका श्वास कोंडून पोट खपाटीला नेतात, दिसायला छान दिसतं. कधीपासून असं शिकवतेय, माझं मलाच आठवेना. लाज वाटली.

"चष्मा पुसताना काचेवर वाफ सोडतेस ना? तसा श्वास सोड, सावकाश. पोट आपलं आपण कामाला लागतं," बाई मला म्हणाल्या आणि स्वतःच करू लागल्या.

मी उशाशी पडलेला जुडगा त्यांच्या पोटावर ठेवला. पंधरा दिवस तो वाजत राहिला. बाई चिडायच्या, मी चहा करायचे. सोळाव्या दिवशी पाऊल वर गेलं, खाली आलं, आणि खोलीत आवाज नाही. आठवड्याभरात त्या कुशीवर वळल्या, हाताने रेटा दिला, श्वास सोडला आणि पलंगाच्या कडेला उठून बसल्या. मग कठड्याला धरून उभ्या राहिल्या. दारात लेक बॅग घेऊन आली होती. तिने ती बॅग हळूच बाहेर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

"आता तू झोप," बाई मला म्हणाल्या. "काय काय विसरलीस, बघू."

मी पलंगावर आडवी झाले. बाईंनी जुडगा माझ्या पोटावर ठेवला. मी पाऊल उचललंसुद्धा नव्हतं. नुसता हुंदका आला.

"किल्ल्या वाजल्या," बाई म्हणाल्या. "पुन्हा."