दुसऱ्या चौकीच्या पुढे

आत्या शेवटची आली. निकाल फलकावर लागला, टाळ्या झाल्या, मांडव उतरला. आता हे वाचलंच नाही असं समजा. कारण शर्यत परवा आहे आणि आत्या आत्ता चढावर दगडाला टेकून बुटातला खडा काढते आहे.

"खडा कसला, डोंगराचं पिल्लू आहे हे," ती म्हणाली.

भाचा पुढे झुडपाला लाल पट्टी बांधत होता. डोंगरवाटेच्या शर्यतीआधी कुणीतरी अख्खा मार्ग चालून बघावा लागतो. दरड कुठे आलीय, कुंपण कुठे पडलंय, माणूस कुठे चुकेल. चुकेल तिथे पट्टी. समितीत तो सगळ्यांत लहान, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. आणि त्याच्यासोबत यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून आत्या.

"अध्यक्षांनी काय ठरवलं रे शेवटी?"

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. निर्णय मात्र भूल न देता घेत.

"यंदा दुसरी चौकी वेळेत ओलांडली नाहीस, तर पुढच्या वर्षी तुझं नाव घेणार नाहीत."

"अगं बाई. मग जीपवाल्याने बोलायचं कुणाशी?"

ती हसली, पण बुटाची नाडी तिने दोनदा बांधली.

दुसरी चौकी म्हणजे पाण्याची टाकी. तिथे वेळेत न पोचणाऱ्याला जीपमध्ये घालून खाली आणत. आत्याला दरवर्षी आणत. टाकीच्या पुढे काय आहे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. घरात कुणी विचारलं, "काय, यंदा कितवा नंबर?" तर ती भाजी चिरता चिरता सांगे, "अजून पोचतेच आहे."

टाकी आली तशी ती थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. सवय."

मग ती पुढे निघाली. पुढे गवताचा माळ, त्यात एक म्हैस, मग उतार. भाड्याची खोली बघायला आल्यासारखं तिने सगळं नीट पाहिलं.

"बरं आहे की. हवेशीर आहे. ही म्हैस परवा असेल?"

"तिच्या वतीने मी काय सांगू?"

उतारापलीकडच्या मैदानावर शर्यत संपायची. भाच्याने शेवटची पट्टी बांधली आणि कंबर सरळ केली. आत्याने पुढे होऊन ती सोडली, घडी घातली, आणि फुगलेली पिशवी त्याच्या हातात दिली.

"घे. एकही ठेवली नाही."

भाच्याने पिशवीत पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. मग तो खाली बसला.

शर्यतीत शेवटच्या माणसामागून एक झाडूवाला चालतो. झाडू त्याच्याकडे नसतो. मागे राहिलेल्या पट्ट्या सोडत येणं, एवढंच त्याचं काम. शेवटचं माणूस कायम आत्याच. तिने आजवर त्याची पिशवी धरली होती, त्याच्या मुलीच्या लग्नाची हकिकत ऐकली होती, हात पोचेल त्या पट्ट्याही सोडून दिल्या होत्या.

"आत्या, या राहू द्यायच्या होत्या. शर्यत संपेपर्यंत."

"संपेपर्यंत?" तिला खरंच नवल वाटलं. "माझ्या पाठीमागे तर लगेच सोडतात."

पिशवीतली वरची पट्टी भाच्याने उगाच उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"ऊठ," ती म्हणाली. "चूक माझी, गाठी माझ्या. तू फक्त जागा दाखव."

उलट्या वाटेने ते परत निघाले. आत्याची नोकरी पोस्टात पार्सलं बांधण्यात गेली होती. तिची गाठ ज्याला पार्सल आलं त्यालाही सुटत नसे. पहिली गाठ बघून भाच्याने ती सैल करायला हात पुढे केला. पुढे टाकीकडे चढत चाललेली तिची पाठ त्याला दिसली. त्याने हात खिशात घातला.

"घट्ट झाली का रे?" तिने न वळताच विचारलं.

"नाही. अशीच पाहिजे."

पुढच्या आठवड्यात समितीकडे एक अर्ज आला. तो असा:

"मा. अध्यक्ष यांस, सविनय निवेदन की, रविवारी पट्ट्यांच्या गाठी सुटता सुटत नसल्याने शेवटच्या स्पर्धक महिला माझ्या पुढे निघून गेल्या. मी हाका मारल्या. त्यांनी हात हलवला, परंतु त्या थांबल्या नाहीत. मी टाकीपाशी पोचलो तेव्हा वेळ टळून गेली होती व चौकीवरील स्वयंसेवकांनी नियमावर बोट ठेवून मला जीपमध्ये बसवले. तरी पुढील वर्षापासून शेवटच्या स्पर्धकाने झाडूवाल्यास सोडून पुढे जाऊ नये, असा आदेश काढावा, ही नम्र विनंती."