चार नंबरच्या मॅकची काच

संघदीप माझ्या मावशीचा मुलगा. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठा. लोहाऱ्याच्या विहारामागं अभ्यासिका आहे, तिथं आम्ही दोघांनी दोन वर्षं जुन्या मॅकशी झटापट केली. नागपूरच्या एका बंद पडलेल्या जाहिरात एजन्सीनं आठ आयमॅक विहाराला दान दिले होते. दिसायला नवरदेव, कामाला शून्य. मूळ सिस्टिम इतकी जुनी की साधी निकालाची साइट उघडेना. भंगारात द्या, असं सगळे म्हणाले. आम्ही त्यांच्यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घातली.

सुरू होताना मॅक ‘ढँ’ करतो. त्याच क्षणी ऑप्शनचं बटण दाबून धरलं, तर तो पेन ड्राइव्हवरून चालू होतो. एवढं कळायलाच आम्हाला आठवडा लागला. मग वायफाय चालेना, एकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडे, एकाची डिस्कच मेलेली. जे जे केलं ते तीन नंबरच्या मॅकवर एका फाइलीत लिहून ठेवायचो. त्यात ‘मी’ लिहायचं नाही, नाव लिहायचं, दीपमाला नाहीतर संघदीप, हा नियम माझा. दोघांचं खातं एकच, मग कोणी काय केलं हे उद्या कळणार कसं?

पांढरकवड्याच्या एका कॉलेजात असेच वीस मॅक धूळ खात पडले होते. ते लिनक्सवर चालवायला त्यांना प्रयोगशाळा सहायक हवा होता. जागा एक, कायमची. जाहिरात संघदीपनंच आणून दिली.

“तू भर, ताई. माहं तं मोबाइलचं दुकान हाये,” तो म्हणाला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच एखादी जागा माझ्यासाठी काढल्यासारखी वाटली. माझा फोन तेव्हा त्याच्याच दुकानात दुरुस्तीला पडला होता, म्हणून अर्जावर नंबर त्याचा दिला. मुलाखतीला केलेल्या कामाच्या नोंदी आणायला सांगितल्या होत्या.

सोमवारी तो आला. “मुलाखत पुढं ढकलली म्हंते, ताई. फोन आलता. तारीख कळवतो म्हने.”

मी त्याला चहा करून दिला. वर दोन बिस्किटंही दिली, मूर्खासारखी.

गुरुवारी सकाळी मी अभ्यासिका उघडली आणि तीन नंबरवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून सवयीनं वरचा बाण दाबला. तो दाबला की आधी दिलेली आज्ञा परत समोर येते. शेवटची आज्ञा छपाईची होती. पुन्हा दाबला. त्याआधीची आज्ञा अशी होती: फाइलीत जिथं जिथं दीपमाला आहे, तिथं तिथं संघदीप कर. एका ओळीची आज्ञा. मीच शिकवली होती त्याला.

फाइल उघडली. दोन वर्षांत मी कुठंच नव्हते.

विहाराच्या फोनवरून कॉलेजला विचारलं. मुलाखती आजच, एक वाजेपर्यंत. मी होते त्या कपड्यांत एसटी पकडली. वाटभर त्याला शिव्या घातल्या. मधेच वाटायचं, माझ्याचसाठी छापलं असेल, काहीतरी चुकलं असेल. त्या वाटण्याचाच मला जास्त राग येत होता.

पोचले तेव्हा तो आत उमेदवार म्हणून बसला होता. माझ्या नोंदी प्राचार्य बाईंच्या हातात होत्या. मी नाव सांगितलं तशा त्या गोंधळल्या.

“पण तुमचं लग्न ठरलं, तुम्ही येणार नाही, असं फोनवर कळवलं होतं ना?”

“माझं लग्न? नवऱ्याचं नाव तरी सांगितलं का यानं?”

मी बाईंना म्हटलं, “चार नंबरच्या मॅकची नोंद वाचा.”

त्यांनी पानं उलटून वाचलं. “काच काढताना संघदीपच्या उजव्या तळहाताला काच लागली. पाच टाके पडले.”

“संघा, हात दाखव.”

त्यानं मूठ मिटली. मी माझा हात उघडून टेबलावर ठेवला. बाईंनी तळव्यावरचा वण चष्मा लावून पाहिला.

“काहून केलं रे असं?” मी विचारलं.

“दुकान बंद पडून राह्यलं, ताई. मले बी नोकरी पाह्यजेच होती.”

“मंग सोताच्या कामाच्या जोरावर अर्ज करायचा. माहं नाव कायले पुसलं?”

बाईंनी कागद मला परत दिले. “कोणी काय केलं ते नीट दुरुस्त करून सोमवारी आणा. मग बघू.”

शुक्रवारी मी तीन नंबरपुढं बसले. तीच आज्ञा उलटी दिली असती, तर एका ओळीत काम झालं असतं. संघदीप जाऊन सगळीकडं दीपमाला. पण त्यानं केलेली कामंही त्याच फाइलीत होती, आणि आता सगळी नावं एकसारखी. कुठलं नाव खरं त्याचं आणि कुठलं माझं पुसून बसवलेलं, हे मशीनला कळणार नव्हतं. ते मलाच ठाऊक. आणि एका ओळीत त्याला पुसलं असतं, तर त्याच्यात न् माझ्यात फरक तो काय राहिला?

मग एकेक ओळ घेऊन बसले. पंखा दीपमालानं साफ केला. वायफाय संघदीपनं चालू केलं, तीन रविवार खपून. डिस्क दीपमालानं बदलली. प्रत्येक ओळीला तो माझ्या शेजारी बसलेला आठवत होता आणि मी दात आवळून त्याचं नाव राहू देत होते.

चार नंबरची नोंद आली.

‘काच काढताना संघदीपच्या उजव्या तळहाताला काच लागली. पाच टाके पडले. संघदीपनं रुमाल बांधून दवाखान्यात नेलं.’

पहिलं नाव मी बदललं. दुसरं बदलता येईना, ते खरं होतं.