कौल देणारी मोटार

पहिली शिफ्ट सुटली की महाळुंग्यात कंपन्यांच्या बस म्हसोबाच्या वळणावर रखडतातच. त्या दिवशी मात्र बस माणसांच्या गर्दीमुळे रखडल्या होत्या. कामगार खाली उतरून, मोबाईल उंच धरून उभे होते. मधोमध सोपानरावांची जुनी पांढरी मोटार होती. बॉनेटवर गुलाल, डॅशबोर्डवरून गुडघ्यापर्यंत लोंबणारे झेंडूचे हार, आणि शेजारी डोळे मिटून उभे असलेले दौलतबाबा.

सोपानरावांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. हयातभर त्यांनी या मोटारीला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. त्यांच्यामागे मुलगा रणजीत ती चालवू लागला आणि याच वळणावर ती अडखळू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर श्वास कोंडल्यासारखी गप्प व्हायची, मग दोन झटके देऊन सुटायची. रणजीतनं दौलतबाबांना आणलं. त्यांनी सांगून टाकलं, की सोपानरावांचा जीव मोटारीत अडकलाय आणि त्यांना काहीतरी बोलायचंय.

"सोपानराव, घरच्यांवर माया आहे ना?" बाबांनी खड्या आवाजात विचारलं. त्यांचा शिष्य चाकावर होता. गतिरोधकाशी मंदावून त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. मोटार लोण्यातून सुरी जावी तशी गेली. शिष्यानं ती मागे आणली.

"लेक तेजस्विनी त्या संघर्षच्या घरात द्यायची का?"

मोटार पुढे सरली, घुसमटली आणि दोन झटके खाऊन थांबता थांबता निघाली. गर्दीतून हुंकार उठला. कितीतरी हात जोडले गेले. सोपानरावांच्या पत्नी शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शालनबाईंचा धाकटा भाऊ उद्धवराव कडेला उभा होता. आयटीआयमध्ये मुलांना इंजिनं शिकवण्यात त्याची उमर गेली होती आणि सुट्टीचे दिवस असल्या बाबांची लबाडी उघडी पाडत हिंडण्यात. कुठे विभूती, कुठे दूध पिणारी मूर्ती, आणि आता ही मोटार. त्याला राग आला नाही, नुसता थकवा आला. हे उघडं पाडलं तरी बाबा पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात दुसरं काहीतरी बोलतं करणार, हे त्याला पाठ होतं.

त्यातून समोर बहीण होती. नवरा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी त्या मोटारीत जाऊन बसायची, दिवसभराचं सगळं सांगायची. तो विसावा आपल्या हातानं काढून घ्यायचा म्हणजे जड काम होतं. उद्धवराव तसाच परत फिरला असता. पण तेजस्विनी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, संघर्षच्या आईनं पुनावळ्याहून फोन केला होता. मोटार काय म्हणाली, विचारत होत्या. मी काय सांगू?"

तो मोटारीजवळ गेला.

दोन गोष्टी त्यानं आधीच टिपल्या होत्या. मोटार राजी होते तेव्हा सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि कच्च्या पेट्रोलचा वास सुटतो. आणि त्याआधी शिष्याचा हात झेंडूच्या हारात जातो.

"बाबा, मी नास्तिक माणूस," तो म्हणाला. "माझ्या हातून सोपानराव बोलले तर मीही पाया पडेन."

इतक्या लोकांसमोर बाबांना नाही म्हणता येईना. उद्धवरावानं बहिणीला शेजारी बसवलं, रणजीतला मागे, आणि मोटार वळणापासून लांब, गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. तिथे म्हसोबा नव्हता, प्रश्नही नव्हता. त्यानं वेग कमी केला आणि ॲक्सिलरेटर दाबला. झटके आले. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच केलं. पुन्हा झटके.

"हितं बी?" शालनबाईंनी विचारलं.

"सगळीकडेच, अक्का. सिग्नलला आले की आपण ट्रॅफिक म्हणतो, देवळापाशी आले की कौल म्हणतो."

परत वळणावर येऊन त्यानं हार काढून बॉनेटवर ठेवले. खाली चोकची दांडी होती. गाडी चालवत त्यानं सगळ्यांदेखत ती दांडी किंचित ओढली. मोटार गुळगुळीत गेली, काळा धूर सोडत. दांडी आत ढकलली, की झटके. शिष्य मान खाली घालून उभा राहिला. बाबा म्हणाले, की नास्तिकाच्या स्पर्शानं आत्मा कोपलाय. पण तोवर एकजण हसला आणि बसचे हॉर्न सुरू झाले.

उद्धवरावानं तिथेच बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या कडेचा छोटा पंप सोडवला. आतला रबराचा पडदा भेगाळून फाटला होता.

"ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवा झटकन आत जाते," तो सांगू लागला. "तेवढ्यापुरतं जादा पेट्रोल हा पडदा ढकलतो. फाटला, की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन अडखळतं. चोक ओढला की हवा कमी होते, म्हणून झटका दबतो. वळणावर गतिरोधक आहे, तिथे प्रत्येकाला हळू होऊन पुन्हा दाबावंच लागतं. यात कुणाचा आत्मा नाही. काही अजब दिसलं तर हात जोडायच्या आधी एवढंच बघा, की दुसरीकडेही तसंच होतं का, आणि बोलवित्याचा हात कुठे आहे."

निम्मी गर्दी ऐकायला थांबलीच नव्हती. रणजीत म्हणाला, पडदा फाटला असेल, पण बाबांचं सगळंच काही खोटं नसतं. उद्धवराव वाद घालत बसला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा पडदा बसवला. पुढे उद्धवरावाशेजारी शालनबाई आणि मागे तेजस्विनी आणि संघर्ष बसले होते. मोटार वळणावरून न अडखळता गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"म्हंजे ते हितं न्हाईत," शालनबाई म्हणाल्या.

"नाहीत, अक्का."

त्या रडल्या. उद्धवरावानं गाडी कडेला घेतली आणि रडू दिलं. यातून वाचवणारं कुठलंच विज्ञान त्याला येत नव्हतं.

डोळे पुसून त्या मागे वळल्या. "त्यांनी जित्तेपणी पोरीला कंदी न्हाई म्हटलं न्हवतं," त्या संथपणे म्हणाल्या. "आन् मी फाटक्या रबराचं ऐकून, त्येच न्हाई म्हणत्यात असं धरून बसले. मेलेल्या माणसाच्या तोंडी कुनीबी काय बी घालतं, आन् त्येला उठून खोडता येत न्हाई." मग त्यांनी संघर्षकडे पाहिलं. "चल बाबा पुनावळ्याला. तुझ्या आईशी मलाच बोललं पायजे."